वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत : धरणस्थळांचा भूकंपविचार

विदर्भाच्या आग्नेय टोकास वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांच्या आश्रयाने वसलेला जो अरण्यमय मुलूख पूर्वी एकाच चांदा जिल्ह्यात मोडत असे आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला, त्याचे नाव निघाले की साग, वाघ, कोळसा आणि धान ही चार चित्रे मनापुढे उभी राहतात. भूकंप हे पाचवे चित्र त्या मालिकेत सहसा कोणी आणीत नाही. आणि तरीही या मुलखात जलाशयांची वाण नाही. गोंड राजांच्या आणि मालगुजारांच्या अंमलात बांधलेले शेकडो तलाव, इंग्रजी अमदानीतील मोठी मातीची धरणे, औष्णिक वीजकेंद्रासाठी अडवलेली इरई, वैनगंगेवरचे चिचडोहासारखे बंधारे, थेट दक्षिण सीमेवर गोदावरीच्या वाळूत उभारलेला मेडीगड्ड्याचा दीर्घ बंधारा, आणि दप्तरातच राहिलेली इचमपल्ली व भोपालपट्टणम ही दोन महाकाय स्वप्ने! इतके पाणी जेथे अडवले आहे, किंवा अडवावे असे कोणाच्या तरी मनात आहे, तेथील भूमी किती स्थिर आहे, हा प्रश्न ज्याने विचारावयाचा त्याने तो नुसता नकाशा पाहून सोडवू नये, पायांनी हिंडून सोडवावा, असे माझ्या एका भूवैज्ञानिक स्नेह्यांचे ठाम मत आहे. धरणस्थळांच्या अन्वेषणात त्यांचा सारा सेवाकाळ गेला. धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या अशा दिवसांत त्यांच्यासमवेत मी हा प्रदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहिला, त्याचा हा वृत्तान्त.

चंद्रपूरहून मोहर्लीच्या वाटेने ताडोब्याकडे जाणाऱ्यास इरईचा जलाशय लागतो. मातीचा लांबलचक बांध, मध्ये दरवाज्यांचा सांडवा, आणि पलीकडे अरण्याच्या कडेला जाऊन भिडलेले पाणी. याच पाण्यावर शहराची तहान आणि वीजकेंद्राची भट्टी दोन्ही भागतात. बांधावर उभे असता दूरवर कोठेतरी कोळशाच्या उघड्या खाणीत सुरुंग उडाला आणि तळव्यांना क्षणभर बारीक थरथर जाणवली. स्नेह्यांनी लगेच घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली. या जिल्ह्यात भूकंपाची नोंद ठेवणाऱ्याचे पहिले काम धान्यातले खडे वेचण्याचे आहे, असे ते म्हणाले. खाणीतील सुरुंग, जुन्या भूमिगत खाणींच्या पोकळ्यांचे ढासळणे आणि खरा भूगर्भातून आलेला धक्का हे तिन्ही यंत्राच्या कागदावर निरनिराळी अक्षरे उमटवतात, पण माणसाच्या तळव्याला ती सारखीच वाटतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गडप झाले, तेव्हा लोकांच्या तोंडी भूकंपाचा शब्द आला असल्यास नवल नाही. परंतु अशा घटना भूकंपांच्या यादीत चुकून शिरल्या, तर त्या यादीवरून पुढे जे गणित मांडावयाचे ते सारेच बिघडते.

हे गणित कसे सुरू होते तेही तेथेच समजले. धरणस्थळ केंद्र धरून नकाशावर सुमारे ३०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात. त्या वर्तुळात इतिहासकाळापासून आजवर झालेले भूकंप आणि ज्ञात विभंग, म्हणजे ज्यांच्या पातळीवर खडकांचे थर एकमेकांवरून सरकले आहेत अशा भेगा, एकाच कागदावर मांडतात. इरईभोवती असे वर्तुळ काढले, तर १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमच्या परिसरात झालेला ५.७ परिमाणाचा भूकंप त्याच्या आत येतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप हे मात्र परिघाच्या थोडेसे बाहेर राहतात. नियमाने वर्तुळ संपले म्हणून जमिनीची लहर तेथे थांबत नाही. दक्षिण द्वीपकल्पाचे जुने, थंड, घट्ट खडक कंपनांना फारसे शोषून घेत नाहीत, त्यामुळे हिमालयाच्या तुटलेल्या, चुरडलेल्या प्रदेशात जो धक्का लवकर विरून जाईल तोच येथे दूरवर पोहोचतो. म्हणून अंतराबरोबर कंपन किती कमी होते हे सांगणारी सूत्रे परमुलखातून जशीच्या तशी उचलून चालत नाही. किल्लारीचे नाव घेताना स्नेह्यांचा स्वर बदलला. सुमारे ६.२ परिमाणाच्या त्या भूकंपात दहा हजारांच्या घरात माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गेली, आणि तो प्रदेश त्या वेळच्या भूकंपविभागांच्या मानचित्रात सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात रंगवलेला होता. २००२ साली मानक बदलताना तो पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि देशातील कोणतीही भूमी दुसऱ्या विभागाच्या खाली राहिली नाही. नोंद नाही म्हणजे धोका नाही, हा समज खोडून काढण्यासाठी महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजावी लागली, आणि तो समज चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या कमी वस्तीच्या, कमी दप्तरांच्या मुलखात आजही सर्वांत बळकट आहे. ज्या अरण्यात शंभर वर्षांपूर्वी कोसाकोसावर एखादेच गाव असे, तेथे मध्यरात्री झालेला मध्यम धक्का कोणत्या तहसिलीच्या दप्तरात चढला असेल?

इरईहून सिंदेवाहीच्या बाजूस वळलो आणि दगडी कोळशाचा मुलूख मागे पडून धानाचा मुलूख सुरू झाला. सावली तालुक्यात पाथरीजवळ असोला मेंढ्याचा तलाव आहे. तलाव म्हणावयाचे, पण तो खरोखर मोठे मातीचे धरणच. इंग्रजी अमदानीत १९१८ साली तो पुरा झाला, आणि आता भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणाचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटरचा प्रवास करून याच तलावात येऊन मिळावा, तलावाची उंची वाढवून अधिक धानशेती भिजवावी, अशी योजना आहे. जुन्या देहावर नवा भार घालावयाचा, तर त्या देहाची नाडी आधी पाहिली पाहिजे. बांधाला येथले लोक पार म्हणतात. पारीच्या खालच्या अंगास, पायथ्याशी दगडी गाळणीतून झिरपणारे पाणी एका लहान नाल्यात गोळा होत होते. स्नेही तेथे बराच वेळ उकिडवे बसून राहिले. त्यांनी ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले, पेला खाली ठेवला, काही वेळाने पुन्हा पाहिला. तळाशी मातीचा कण बसला नव्हता. मातीच्या धरणातून पाणी झिरपते यात भिण्यासारखे काही नाही, ते स्वच्छ झिरपते आहे का आणि तितकेच झिरपते आहे का, एवढे पाहावयाचे असते. गढूळ झाले की धरण आतून आपली माती वाहून देत आहे असे समजावे. भूकंपानंतर तर पायथ्याच्या या नाल्याकडे सर्वांत आधी धाव घेतली पाहिजे, कारण हादऱ्याने बांधात पडलेली आडवी चीर वरून दिसेल न दिसेल, पण झिरपेचा रंग आणि मात्रा खोटे बोलत नाहीत.

भूकंपात मातीच्या धरणाचे काय होते याचे दाखले जगात आणि घरातही आहेत. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडोच्या भूकंपात लोअर सॅन फर्नांडो धरणाचा पाण्याकडचा उतार माथ्यासह जलाशयात घसरला. पाण्याच्या पातळीवर जेमतेम थोडीशी भेगाळलेली माती शिल्लक राहिली आणि खालच्या खोऱ्यातील सुमारे ८० हजार लोकांना घरे सोडावी लागली. ते धरण पाण्याबरोबर वाहवून आणलेल्या मातीचा भराव टाकून रचले होते. त्या भरावातील ओली, सैल वाळू हादऱ्याने द्रवासारखी वागू लागली. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने कच्छमधील चांग, टपर, फतेहगढ, सुवी, रुद्रमाता अशा कित्येक मातीच्या धरणांना लांबच्या लांब भेगा पाडल्या, काहींचे माथे खचवले. तेव्हा दुष्काळाने बहुतेक जलाशय जवळजवळ कोरडे होते, एवढ्या एकाच गोष्टीने मोठा अनर्थ टळला. असोला मेंढ्याच्या पारीवर उभे राहून हे ऐकताना, ज्यांच्या कल्पकतेने पूर्व विदर्भ धानाने हिरवा झाला त्या कोहळी बांधवांनी आणि मालगुजारांनी उभारलेले, आता सरकारजमा होऊन माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे, गावोगावचे बांध मला आठवले. त्यांतील एकेक लहान आहे खरा, परंतु एकाच नाल्यावर वरपासून खालपर्यंत ते माळेने बांधलेले असतात. वरचा फुटला तर त्याचे पाणी खालच्यावर जाते. भूकंपाच्या धोक्याची मोजदाद करणारे शास्त्र उंच धरणांभोवती वाढले, हे स्वाभाविक होते. पण या तलावमाळांचाही हिशेब कोणी तरी मांडावयास हवा, आणि तो मांडण्यास महाग यंत्रांची नव्हे, पारीवर फिरणाऱ्या डोळस माणसांची गरज आहे.

तेथील एका वृद्ध पाटकऱ्यास मी ४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आठवते का, असे विचारले. तो म्हणाला, ‘आठवते नं जी. खाटेवर बसलो होतो, खाट हालल्यावानी झाली. सुनेले म्हणलो, पोरी, खाट कोन हालवते? तर तेही दाराशी उभीच.’ त्या दिवशी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ परिमाणाचा भूकंप झाला होता आणि तो चंद्रपूर-गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत जाणवला होता. स्नेह्यांनी वहीत खाट, बसलेला माणूस, घराच्या आत, हे तिन्ही तपशील लिहून घेतले. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

गडचिरोलीहून चामोर्शीस आलो, आणि तेथून मार्कंड्याच्या देवालयसमूहाकडे गेलो. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते, म्हणून या क्षेत्राचे माहात्म्य मोठे. शिल्पांच्या विपुलतेमुळे विदर्भाचे खजुराहो असेही त्यास म्हणतात. आम्ही गेलो ते मात्र आणखी एका कारणाने. जेथे यंत्रे नव्हती आणि दप्तरे नव्हती तेथे उंच, जुन्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी इमारती याच भूकंपाच्या साक्षीदार असतात. दगडावर दगड ठेवून उभारलेले शिखर शतकानुशतके जागचे हलले नसेल, तर त्या जागी त्या काळात अमुक एका मर्यादेपलीकडे जमीन हादरली नाही, असे उलट्या बाजूने अनुमान करता येते. साक्ष घ्यावयाची ती मात्र उलटतपासणी करूनच. मार्कंडेश्वराच्या मुख्य मंदिराचा भाग ढासळला तो वीज पडून, अशी परंपरा आहे. डोळे मिटून त्यास भूकंपाचा पुरावा मानणे जितके चूक, तितकेच केवळ परंपरेवर भिस्त ठेवून ती शक्यता तपासण्याचेच सोडून देणे चूक. स्नेही खांबांच्या पायांशी वाकून वाकून पाहत होते. भूकंपाने हललेल्या बांधकामात खांबांचे तुकडे एकाच दिशेने फिरलेले किंवा सरकलेले असतात, कमानीच्या मधला दगड खाली उतरलेला असतो, भिंती एकाच अंगास कललेल्या असतात. पाया खचल्याने किंवा झाडांची मुळे शिरल्याने झालेली पडझड अशी एका दिशेने जात नाही. चुंबकसूचीने त्यांनी काही दिशा मोजल्या, काही टिपल्या. एका देवळावरून निष्कर्ष काढावयाचा नसतो, तेव्हा त्यांनी तो काढला नाही. नदीकाठच्या प्राचीन वास्तूंची अशी पद्धतशीर पाहणी या दोन्ही जिल्ह्यांत झाली, तर यंत्रांच्या जेमतेम काही दशकांच्या नोंदींना हजार वर्षांची जोड मिळेल, ही त्यांची आशा मला फार मोलाची वाटते.

आष्टीवरून आलापल्लीस पोहोचेपर्यंत सागाची दाट वनराई सुरू झाली होती. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री कंदिलापुढे नव्हे, तर संगणकाच्या पडद्यापुढे बसून त्यांनी मला त्या गणिताचा पुढचा भाग समजावून दिला, आणि तो मी सविस्तर सांगतो, कारण धरणाविषयीच्या सार्वजनिक वादात हाच भाग सर्वांत कमी समजून घेतला जातो. भूकंपाचे परिमाण एकाने कमी झाले की तशा भूकंपांची संख्या साधारण दहा पटींनी वाढते, हा बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी दाखवून दिलेला नियम. म्हणून लहान धक्क्यांची नीट मोजणी झाली, तर मोठा किती काळाने येऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. परंतु उलट ऊर्जा परिमाणागणिक सुमारे बत्तीस पटींनी वाढते, मुलुगूच्या ५.३ च्या आणि किल्लारीच्या ६.२ च्या भूकंपांत ऊर्जेचे अंतर वीस पटींहून अधिक आहे. या अंदाजावरून दोन पातळ्या ठरवतात. धरणाच्या आयुष्यात येण्याचा वाजवी संभव असलेला भूकंप आला, तर धरणाचे काम चालूच राहिले पाहिजे, किरकोळ डागडुजी पुरावी. आणि त्या भूभागात कल्पिता येईल तेवढा मोठा भूकंप आला, तर धरण जखमी झाले तरी चालेल, पण पाणी सुटता कामा नये. पहिल्यासाठी बहुधा असे कंपन घेतात जे पन्नास वर्षांत ओलांडले जाण्याची शक्यता दहा टक्के असते. ते सरासरीने ४७५ वर्षांतून एकदा येते. दुसऱ्यासाठी तीच शक्यता दोन टक्के धरतात, म्हणजे सुमारे २४७५ वर्षे.

४७५ वर्षे हा आकडा ऐकून मी निर्धास्त झालो असावा, कारण त्यांनी मला लगेच थांबवले. धरण शंभर वर्षे उभे राहावयाचे असेल, तर त्या शंभर वर्षांत ही पातळी एकदा तरी ओलांडली जाण्याची शक्यता १९ टक्के भरते. ती वर्षे शांत जातील असे वचन त्या आकड्यात कोठेच नाही. शिवाय हे सारे ज्या यादीवर उभे आहे ती यादीच या प्रदेशात अपुरी. पाचच्या वरचे भूकंप गेल्या साठ-सत्तर वर्षांत बहुधा सगळे टिपले गेले असतील, परंतु तीनचे किंवा चारचे धक्के, जे नियमाप्रमाणे शेकड्यांनी असावयाचे, ते टिपण्याइतकी यंत्रे जंगलाजवळ फार उशिरा आली. म्हणून संभाव्यतेच्या गणिताबरोबरच दुसरी, अधिक कठोर रीतही चालवतात : जवळच्या ज्ञात विभंगावर, धरणापासून सर्वांत कमी अंतरावर, त्या जातीच्या भूभागात झालेला मोठ्यांत मोठा भूकंप आणून बसवावयाचा आणि मग धरणाच्या पायाशी किती त्वरण येते ते काढावयाचे. महत्त्वाच्या नदीप्रकल्पांसाठी असे स्थळनिहाय अध्ययन करून ते केंद्रीय जल आयोगाच्या भूकंप-आराखडा निकषांच्या राष्ट्रीय समितीपुढे ठेवण्याचा शिरस्ता आहे. पुण्याजवळ खडकवासल्याची १९१६ पासूनची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था यांचे या कामातील श्रम सामान्य वाचकांस फारसे ठाऊक नाहीत, ते असावयास हवेत.

महाराष्ट्राने हे शास्त्र शिकले ते कोयनेच्या पाठशाळेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे १०३ मीटर उंचीचे ते काँक्रीटचे धरण हादरले तेव्हा त्याच्या आराखड्यात भूकंपाचा गुणांक ०.०५ धरलेला होता, आणि धरणातच बसवलेल्या त्वरणलेखकाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट इतके त्वरण नोंदवले. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे शास्त्रशुद्ध नव्हे, एक गणितासाठी धरलेला स्थिर भार आहे आणि दुसरे क्षणमात्र टिकलेले शिखर. तथापि अंतर कोणाच्याही ध्यानात येईल. उंच खंडांच्या वरच्या भागात, जेथे धरणाचा उतार एकदम बदलतो तेथे, आडव्या चिरा गेल्या. धरण मात्र उभे राहिले. ते उभे राहिले म्हणूनच आपल्याला पुढचे सर्व शिकता आले. शिवाजीसागर भरल्यानंतर भूकंपांची जी मालिका सुरू झाली तिच्यामुळे, जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणाऱ्या पाण्याचा दाब आधीच ताणलेल्या विभंगाला सरकावू शकतो, या सिद्धान्ताचे कोयना हे जगभर ठळक उदाहरण ठरले. या जिल्ह्यांतील आजची धरणे त्या मानाने ठेंगणी आहेत, तेव्हा त्यांच्याबाबत ही भीती थोडी. इचमपल्लीसारख्या प्रकल्पाचा विचार पुन्हा निघाला तर मात्र तो प्रश्न पहिल्या पानावरच ठेवावा लागेल.

आलापल्लीच्या दक्षिणेस रस्त्याकडेच्या खाणींत आधी अब्जावधी वर्षांपूर्वीचा पट्टिताश्म दिसतो. करडा, स्फटिकमय, हातोड्याला खणखणीत उत्तर देणारा. सिरोंचा जवळ येऊ लागला की तांबूस वालुकाश्म आणि चुनखडकाचे थर येतात. हा बदल म्हणजे या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची सीमारेषा. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीपासून वायव्य-आग्नेय दिशेने येथे भूकवचाची एक लांब पट्टी दोन बाजूंच्या विभंगांमधून खाली खचत गेली आणि नद्यांनी वाळू, चिखल, वनस्पती वाहून आणून ती खचदरी भरून काढली. चंद्रपूरचा कोळसा त्याच दरीतला, सिरोंच्याजवळच्या वडधमचे जीवाश्मही त्याच दरीतले. प्राणहितेच्या काठच्या कोटा या गावाचे नाव ज्या शैलसमूहास मिळाले त्यातून डायनोसॉरांची हाडे आणि प्राचीन माशांचे ठसे मिळाले आहेत. नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात येथील जीवाश्मांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पण त्याच दरीच्या कडांच्या विभंगांची आणि १९६९ च्या भद्राचलमच्या, २०२४ च्या मुलुगूच्या भूकंपांची जागा एकच पट्टा दाखवते. देशाच्या मानचित्रात गोदावरीच्या या पट्ट्याचा बराच भाग तिसऱ्या विभागात घातलेला आहे तो याच कारणाने. कोट्यवधी वर्षांपूर्वी पडलेली जखम भरली असली तरी तेथील कवच दुबळे राहिले, आणि भारतीय भूपट्टावर उत्तरेकडून येणारा दाब अशाच दुबळ्या जागा शोधतो.

प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम ओलांडून, पोचमपल्लीच्या बाजूने मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्यासमोर आलो. दीड किलोमीटरहून लांब, ८५ दरवाज्यांचा हा बंधारा २१ जून २०१९ रोजी कार्यान्वित झाला. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या सातव्या खंडातील खांब खचले. भूकंप झालेला नव्हता. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी नियोजन, आराखडा, गुणनियंत्रण आणि देखभाल या चारही बाजूंच्या उणिवांकडे बोट दाखवले. पायाखालची वाळू पाण्याबरोबर निसटणे हे त्यातील मर्म. आणि त्यानंतर सव्वा वर्षही लोटले नाही तोच मुलुगूचा भूकंप झाला, त्याचा केंद्रबिंदू येथून पन्नास किलोमीटरहूनही जवळ होता. तेव्हा जलाशय रिकामा होता.

भूकंप नसतानाही जी वाळू निसटली तिच्याकडे पाहताना मला असोला मेंढ्याच्या पायथ्याचा तो स्वच्छ पेला आठवला, पण त्याहून स्नेह्यांनी वाळवंटात हाताने उकरून दाखवलेली वाळू अधिक भिववून गेली : सारख्या आकाराचे, गोल, सुटे कण, हातभर खोलीवरच पाणी. अशीच वाळू हादऱ्याने द्रवरूप होते. ओल्या सैल वाळूचे कण हादऱ्याने एकमेकांत दाटून बसू पाहतात, मधल्या पाण्यास निसटावयास वेळ मिळत नाही, ते कणांना अलग तोलून धरते आणि काही क्षण त्या जमिनीत भार पेलण्याची शक्ती उरत नाही. हे आधी कसे ओळखावे? त्याची रीत अगदी साधी आहे. छिद्र पाडून तळाशी पोकळ नळी टेकवतात आणि साडेत्रेसष्ट किलोग्रॅम वजनाचा हातोडा पाऊण मीटर उंचीवरून तिच्या दांड्यावर सोडतात. नळी एक फूटभर खाली उतरावयास किती घाव लागले ते मोजतात. घाव थोडे लागले तर वाळू सैल. ठोकणारा मजूर दोरी किती ढिली सोडतो यावरही आकडा हलतो, म्हणून स्नेही प्रत्येक छिद्राशी स्वतः उभे राहत आणि घाव मोठ्याने मोजवून घेत. धरणस्थळाच्या भूकंपविचाराचा अर्धा भाग भूगर्भात दहा-वीस किलोमीटर खोल घडणाऱ्या गोष्टींचा आहे आणि उरलेला अर्धा या नळीच्या तोंडाशी आलेल्या मूठभर मातीचा. पहिल्यावर विद्वानांचे ग्रंथ निघतात, दुसऱ्याकडे कामाच्या घाईत दुर्लक्ष होते. माझ्या मते दुसराच अधिक घातक ठरतो.

तेथून सोमनूरला गेलो. इंद्रावती येथे गोदावरीस मिळते. पलीकडे छत्तीसगड, दक्षिणेस तेलंगण. याच संगमाच्या खाली इचमपल्लीचे आणि वर इंद्रावतीवर भोपालपट्टणमचे धरण बांधण्याच्या योजना गोदावरी पाणीतंट्याच्या काळापासून कागदावर होत्या. एवढे अरण्य आणि आदिवासींची गावे पाण्याखाली जातील म्हणून बाबा आमट्यांनी आणि येथील जनतेने त्यांना विरोध केला, आणि त्या उभ्या राहिल्या नाहीत. विस्थापनाचा प्रश्न त्यांत पहिला होता आणि तो पहिलाच राहिला पाहिजे. परंतु ज्यांना केवळ तांत्रिक भाषाच समजते त्यांच्यासाठीही येथे पुरेसे आहे : खचदरीची कड जवळ, खालच्या अंगास भद्राचलम आणि मुलुगू, आणि खोल जलाशय झाल्यास त्याच्या दाबाचा परिणाम कळावयास भरण्यापूर्वीच काही वर्षे सूक्ष्म धक्के टिपणारी यंत्रे या रानात बसलेली असावयास हवीत. जलाशय भरल्यावर बसवलेले यंत्र, आधी काय होते, हे कधीही सांगू शकत नाही.

परतताना सिरोंच्यात एका घराच्या ओट्यावर थांबलो. स्नेह्यांनी घरच्या वृद्ध बाईंस, ‘अक्का, भूकंपाच्या दिवशी आपण उठला होतात की झोपेत होतात?’ असे विचारून आपली प्रश्नावली उघडली. त्या अंगण झाडत होत्या. आधी गुरगुर ऐकू आली, मग घरातील फळीवरची दोन भांडी पडली, शेजारची सारी माणसे बाहेर धावली, भिंतीचा पोपडा मात्र पडला नाही. तीव्रतेची जी बारा पायऱ्यांची मोजपट्टी आहे तिच्यावर ही साक्ष पाचव्या पायरीच्या आसपास बसते आणि पाथरीच्या पाटकऱ्याची खाट तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. भूकंपाची खोली सुमारे ४० किलोमीटर होती, म्हणून तो इतका दूरवर जाणवला आणि जवळही फारसे नुकसान झाले नाही. गावागावातून अशा साक्षी मिळाल्या की नकाशावर समान तीव्रतेच्या रेषा काढता येतात, आणि त्या रेषांवरून या खचदरीत कंपन कोणत्या दिशेने अधिक दूर जाते, वाळूवर किती वाढते, पट्टिताश्मावर किती घटते, हे परक्या मुलखातील सूत्रांवर न विसंबता ठरवता येते. अक्कांचे उत्तर वहीत गेले ते गावाच्या नावासह, घर मातीचे की विटांचे, जमीन काळी की रेताड, या रकान्यांसह. पुढचा मुक्काम आसरअल्ली आणि अंकिसा येथे होता. गोदावरीच्या काठच्या त्या गावांचे रकाने अजून कोरे होते.